पाणी घालूनही झाड वाळतंय किंवा कलंडतंय? आधी पिशवीतली मुळं तपासा

सोलापुरात सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या कंपाउंडला, एमआयडीसीतल्या कारखान्यांपुढे आणि शेतातल्या घरांभोवती झाडं लावून देण्याचं आणि पुढे ती सांभाळण्याचं काम मी करतो. सगळ्यात जास्त बोलावणी एकाच तक्रारीसाठी येतात. पावसाळ्यात चांगली सहा फुटी रोपं लावली, माणूस ठेवून पाणी घातलं, दिवाळीपर्यंत टवटवीत होती, आणि आता एकेक वाळायला लागलीत. बोल उन्हाला लावला जातो, नाहीतर माळ्याला. बुंधा उकरला की बहुतेक ठिकाणी कळतं की दोष रोप विकत घेतलं त्या दिवशीच पिशवीत होता.

खाली आधी लक्षणं देतो, मग तपासण्या. तपासण्यांचा क्रम फुकटातल्या आणि सोप्या कामापासून खर्चाच्या आणि अवघड कामाकडे लावला आहे. तो मोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांतच उलगडा होतो अशी झाडं पुष्कळ असतात, आणि तरीही लोक थेट खताच्या दुकानात जातात.

लक्षणं

जुलै-ऑगस्टमध्ये लावलेलं झाड दिवाळीपर्यंत ठीक दिसतं. संक्रांतीच्या सुमाराला नवी पालवी बारीक येते. होळीनंतर ऊन तापलं की शेंड्याकडून वाळत खाली येतं. पाणी वाढवलं तरी फरक पडत नाही.

काही झाडं मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. दोन-तीन वर्षं उंची तेवढीच, खोडाचा घेर तेवढाच. शेजारी भिंतीकडेला आपोआप उगवलेला कडुनिंब त्यांना मागे टाकून वर निघून जातो.

काही झाडं बांबू सोडला की वाकतात. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याला बुंध्यापासून कलंडतात. खोड मोडत नाही, अख्खं झाड मुळांसकट आडवं होतं आणि खाली निघालेला मुळांचा गोळा अजून पिशवीच्याच मापाचा असतो.

खोड जमिनीत सरळसोट शिरलेलं दिसतं, बुंध्याशी फुगवटा नसतो, किंवा एका अंगाने खोड चपटं असतं. हे लक्षण झाड हिरवंगार असतानाही दिसतं, म्हणून ते सगळ्यात उपयोगी.

नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, हे दुखणं वेगळं. त्याचं सातव्या तपासणीत बघू.

झाडाला हात लावण्याआधी एक करा. कागदावर झाडांची रांग काढा आणि आजारी झाडांवर फुल्या मारा. फुल्या इथे एक, तिथे एक अशा विखुरलेल्या असतील तर संशय पिशवीवर. सलग आठ-दहा झाडांचा पट्टा आजारी असेल तर जमीन किंवा पाणी. एकाच जातीची सगळी आजारी आणि बाकीच्या जाती ठणठणीत असतील तर ती जातच त्या जागेला चालत नाही. एवढ्या एका कागदाने पुढचं निम्मं काम कमी होतं.

१. पिशवी काढली होती का?

सांगायला विचित्र वाटतं, पण हे आधी बघा. मोठ्या लागवडीत माणसं घाईत असतात. पिशवीला नुसती खालून चीर देऊन रोप खड्ड्यात ठेवतात, किंवा गोळा फुटू नये म्हणून गुंडाळलेलं गोणपाट आणि नायलॉनची सुतळी तशीच राहते. बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने चार बोटं उकरा. काळं प्लास्टिक लागलं तर कात्रीने वरून खाली चिरून जेवढं निघेल तेवढं ओढून काढा. खोडाला बांधलेली सुतळी तर ताबडतोब कापा. नायलॉन कुजत नाही, खोड जाड होतं तसं ते सालीत रुतत जातं.

२. खोड धरून हलवा

छातीच्या उंचीवर खोड धरा आणि हळूच पुढे-मागे करा. नजर बुंध्याकडे ठेवा. मुळं नीट पसरलेली असतील तर खोड वरच्या भागात लवतं आणि जमिनीशी स्थिर राहतं. खोड जमिनीशीच फिरत असेल, त्याच्याभोवती मातीत फट उघडझाप करत असेल, तर मुळं अजून गोळ्याबाहेर पडलेली नाहीत. लावून वर्ष उलटलं असेल आणि तरीही असं होत असेल तर ती वाट पाहून आपोआप सुटणारी गोष्ट नाही.

कारण असं की पिशवीच्या कडेला आपटलेलं मूळ वळतं आणि कडेने गोल फिरायला लागतं. पुढे ते लाकडासारखं कडक झालं की पिशवी काढली तरी तो वळसा सरळ होत नाही. झाड जमिनीत असतं, पण मुळं पिशवीच्याच जागेत फिरत राहतात. तेवढ्या जागेतलं पाणी सहा फुटी झाडाला थंडीत पुरतं. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर गेला की पुरत नाही. म्हणून झाड नेमकं मार्च-एप्रिलमध्ये वाळतं.

नुकतंच लावलेलं रोप हलत असेल तर घाबरू नका. दोन बाजूंना दोन बांबू रोवा आणि कापडी पट्टीने सैल बांधा, खोडाला थोडी हालचाल करू द्या. तीच हालचाल बुंधा जाड करते. घट्ट आवळून बांधलेलं झाड बांबूच्या जिवावर उंच होतं. वर्षभरानंतर बांबू काढायचाच.

३. ओल कुठे आहे?

एक लोखंडी सळई किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. पाणी घातल्यानंतर काही तासांनी ती दोन ठिकाणी खुपसा: एकदा खोडाजवळ, मुळांच्या गोळ्यात, आणि एकदा बाहेर, आळ्याच्या कडेला. बाहेर सहज आत जाते, ओली माती लागते, आणि गोळ्यात मात्र अडते किंवा कोरडी निघते, असं झालं तर निदान झालं.

आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या रोपांचा गोळा बऱ्याचदा चिकट लाल मातीचा असतो. आंध्रातल्या कडियमसारख्या नर्सरीपट्ट्यातून ट्रक भरून माल येतो, तो रस्त्यात फुटू नये म्हणून चिकट मातीच सोयीची. ही हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, एकदा पूर्ण वाळली की दगड होते. मग आळ्यात ओतलेलं पाणी तिच्या बाजूने निघून काळ्या मातीत जातं. आळं चिखल, हुंडी कोरडी. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी भरपूर आहे. कोकोपीटच्या हलक्या मिश्रणात वाढवलेल्या रोपाचंही असंच होतं, फक्त कारण वेगळं. ते मिश्रण लवकर सुकतं आणि भोवतालची भारी काळी माती आपल्यातलं पाणी त्याला परत देत नाही.

उपाय स्वस्त आहे. पहिले तीन-चार महिने ड्रिपरचं तोंड हुंडीवरच ठेवा, बाहेर नको. ड्रिप नसेल तर तळाला बारीक भोक पाडलेला डबा किंवा मडकं हुंडीच्या कडेला ठेवून हळूहळू पाणी मुरू द्या. हुंडी दगड झाली असेल तर सळईने तिच्यात पाच-सहा भोकं पाडा, मग पाणी. नंतर झाड धरलं की ड्रिपर दर पावसाळ्यानंतर थोडा थोडा बाहेर सरकवत न्या. तो कायम बुंध्याशीच राहिला तर मुळंही तिथेच राहतात. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा १५-२० लिटर सावकाश मुरवलेलं चांगलं. कडक उन्हाळ्यात हेच एक दिवसाआड.

वर उसाचं पाचट पसरा, चार बोटं जाड. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर बुंधा ओला राहतो आणि मुरमाड जागेत वाळवी चढते. काळ्या जमिनीत पाचट आणखी एका कारणासाठी हवं: उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा कोवळी मुळं तोडतात, आणि झाकलेली जमीन कमी भेगाळते.

४. बुंधा उकरून पाहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही, आणि हिला फक्त खुरपं लागतं.

निसर्गात उगवलेल्या झाडाचा बुंधा बघा. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचं कुठलंही जुनं झाड चालेल. खोड जमिनीजवळ रुंद होत जातं आणि तिथून मुळं चारी बाजूंना फाकतात. तो फुगवटा जमिनीच्या वर दिसला पाहिजे. तुमच्या झाडाचा दिसत नसेल तर खोडालगतची माती बोटांनी आणि खुरप्याच्या टोकाने हलकेच काढत खाली जा. पहिलं जाड मूळ लागेपर्यंत थांबू नका. ते एक-दोन बोटांवर लागलं तर काळजी नाही. वीतभर खाली लागलं तर झाड खोल गेलं आहे.

दोन जागी हे बिघडतं. एक, लावताना. खड्ड्यात खाली भुसभुशीत माती आणि शेणखत टाकून त्यावर रोप ठेवलं की पहिल्या मोठ्या पावसात सगळं दबतं आणि रोप खाली बसतं. दुसरी जागा नर्सरी. छोट्या पिशवीतलं रोप मोठ्या पिशवीत हलवताना ते तळाशी ठेवून वरून माती भरतात. पुन्हा मोठी पिशवी, पुन्हा वर माती. रोप तुमच्याकडे येतं तेव्हाच त्याचा बुंधा पाच-सहा बोटं गाडलेला असतो, आणि तुम्ही पिशवीतली माती जमिनीला समपातळीत आणून अगदी नियमाप्रमाणे लावलं तरी झाड खोलच जातं.

खोडाची साल ओल्या मातीत राहण्यासाठी नसते. ती कुजते, बुरशी शिरते. शिवाय गाडलेल्या खोडाला वरच्या वर नवी मुळं फुटतात, आणि तीच पुढे खोडाला आवळतात.

गाडलेला बुंधा मोकळा करा. खोडाभोवती दीड-दोन फुटांच्या घेरात माती काढून पहिल्या मुळांपर्यंत उघडं करा. सुतळीसारखी बारीक मुळं खोडातून निघालेली दिसली तर कापून टाका. उतार बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे पाणी बुंध्यात साचणार नाही. दरवर्षी आळं करताना माळी माती खोडाकडे ओढतो, ती सवय मोडावी लागते. आळ्याचा बांध बाहेर हवा, बुंध्याशी नको.

५. खोड आवळणारं मूळ

बुंधा उघडताना एखादं मूळ खोडाला आडवं, चिकटून गेलेलं दिसेल. हाच तो पिशवीतला वळसा. खोड आणि मूळ दोन्ही जाड होत जातात आणि एकमेकांना दाबतात. त्या बाजूने पाणी वर जायचं आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली यायचं बंद होतं. झाडाची तीच एक बाजू वाळते, किंवा त्या बाजूने खोड चपटं होतं.

होटगी रोडला एका सोसायटीत वळवाने पाडलेला करंज मी पाण्याच्या जोराने धुऊन पाहिला होता. लावून तीन-चार वर्षं झालेली असावीत. मुख्य मूळ तळाशी गेलं होतं, तिथे वळलं होतं आणि पूर्ण दोन वेढे घेऊन परत खोडाच्या जवळ आलं होतं. खालच्या वळणावर पिशवीच्या तळाची घडी पडलेली स्पष्ट दिसत होती, मुळावर उमटलेली. बाहेर निघालेली मुळं करंगळीएवढी, तीही एकाच बाजूला. त्या झाडाला कोणी पाणी कमी घातलं नव्हतं.

आवळणारं मूळ बोटाएवढं असेल आणि अजून सालीत रुतलेलं नसेल तर धारदार कटरने खोडाच्या दोन्ही बाजूंना कापून मधला तुकडा काढा. सालीत रुतलं असेल तर मधला तुकडा उपटू नका, साल फाटेल. दोन टोकं कापून तो तसाच कुजू द्या. एका वेळी एक-दोनच मुळं. पावसाळ्यात किंवा थंडीच्या सुरुवातीला हे काम करा, मार्चनंतर अजिबात नको. कापल्यावर त्या उन्हाळ्यात पाण्याकडे जास्त लक्ष.

६. खड्ड्यात पाणी साचतंय का?

आजारी झाडांचा पट्टा सलग असेल तर आधी हे करा. झाडापासून दोन-तीन फुटांवर दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी याच वेळेला त्यात पाणी दिसत असेल तर निचरा नाही.

सोलापूरच्या बऱ्याच वसाहतींत वर फूटभर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. बांधकामावेळी आणून टाकलेला राडारोडा वेगळाच. मुरमात गुळगुळीत भिंतींचा चौकोनी खड्डा घेतला आणि त्यात काळी माती भरली की तयार होतो तो जमिनीत पुरलेला रांजण. सोलापूरला वर्षाचा पाऊस साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि तो कमी दिवसांत पडतो. खड्ड्यात पाणी उभं राहतं, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. पानं सुकतात, आणि सुकलेली पानं पाहून लोक अजून पाणी घालतात.

नव्या खड्ड्यासाठी उपाय म्हणजे टिकावाने भिंती खडबडीत करायच्या, तळाला पहारीने मुरूम फोडायचा, खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करायचा, आणि भरताना निघालेलीच माती तीनेक भाग आणि कुजलेलं शेणखत एक भाग वापरायचं. नुसती लाल माती आणि खत भरलेल्या खड्ड्यात मुळं बाहेर जायलाच तयार नसतात. फारच चिकट जागा असेल तर झाड जमिनीपेक्षा सहा-सात बोटं उंच, उतरत्या भरावावर लावा. लागलेल्या झाडासाठी एका बाजूने उताराकडे चर काढून पाण्याला वाट द्या. उतारच नसेल तर ही तपासणी इथे सोडून पुढच्या मोसमाचा विचार करा.

७. चुनखडी आणि बोअरचं पाणी

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. मातीचं ढेकूळ घ्या, त्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत चुना आहे. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. एक्झोरा, अनंत, चाफ्याच्या काही नाजूक जाती इथे कायम पिवळ्या राहतात. फेरस सल्फेट मातीत टाकलं तर चुना ते लगेच अडकवून ठेवतो. दुकानात ईडीडीएचए प्रकारचं लोह चिलेट, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह मागा, ते चुनखडीच्या मातीतही टिकतं. ते महाग पडतं, म्हणून दोन-चार कुंड्यांना ठीक. शंभर फूट कुंपणाला एक्झोरा लावून आयुष्यभर चिलेट घालण्यापेक्षा तिथे कण्हेर किंवा टिकोमा लावा.

शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे झाडांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी बोअरचंच पाणी. आळ्यात पांढरा थर दिसत असेल, पानांच्या कडा करपत असतील, तर पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यायला फार खर्च येत नाही. अंदाजाने जिप्सम टाकत बसू नका.

८. शेवटी उपटून पाहणं

लावून वर्षाच्या आतलं झाड असेल, दुसऱ्या तपासणीत बुंध्याशी फिरत असेल आणि बाकी काही सापडलं नसेल, तर पावसाळ्यात ते काढून पाहा. गोळा न फोडता बाहेर घ्या आणि बादलीत बुडवून कडेची माती धुवा. कडेने फिरणारी मुळं दिसली तर धारदार कोयत्याने किंवा करवतीने गोळ्याची बाहेरची बोटभर जाडी चारी बाजूंनी आणि तळाशी तासून टाका. जिवावर येतं, पण कापलेल्या टोकांपासून निघणारी नवी मुळं सरळ बाहेर जातात. नुसत्या उभ्या चिरा दिल्याने आतले वळसे तसेच राहतात. लगेच परत लावा, थोडी सावली करा, पाणी चुकवू नका.

बोगनवेलीला हे करू नका. तिची मुळं ठिसूळ असतात, गोळा फुटला की ती महिनोन्महिने रुसते. जास्वंद, तगर, मेहंदीसारखी झुडपं मात्र तासलेली चांगली सोसतात.

दोन-तीन वर्षांचं, आतून वेढे कडक झालेलं झाड उपटून सुधारत नाही. ते काढा आणि नवीन लावा. दोन उन्हाळे त्याला पाणी घालण्यात गेले म्हणून तिसराही घालवू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

झाड कलंडलंय आणि विरुद्ध बाजूची जमीन उचलली गेली आहे, तर त्याखाली कोणाला जाऊ देऊ नका आणि दोर बांधून ओढण्याचा प्रयत्न करू नका. झाड घरावर, रस्त्यावर किंवा मुलं खेळतात तिथे झुकलेलं असेल तर मोठी झाडं कापणाऱ्या जाणकार माणसाचंच काम. फांद्या विजेच्या तारांजवळ असतील तर आधी महावितरणला कळवा, पुरवठा बंद झाल्याशिवाय कोणी चढायचं नाही. बुंध्याशी अळंबी उगवली असेल, खोड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, किंवा आवळणाऱ्या मुळाने खोडाचा निम्म्याहून जास्त घेर वेढला असेल, तर स्वतः मुळं कापू नका. आधारासाठी राहिलेली मुळं तीच असू शकतात.

शहराच्या हद्दीत उभं झाड तोडायचं असेल तर परवानगी लागते, ते तुमच्या स्वतःच्या आवारात असलं तरी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ त्यासाठीच आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे, वृक्ष प्राधिकरणासाठी अर्ज द्यावा लागतो. वाळलेल्या झाडालाही अर्ज करा, फोटो जोडा.

बदली रोप आणताना

इथेच सगळं ठरतं, म्हणून वेळ काढून जा आणि शक्यतो सकाळी जा.

उंचीवर भाव ठरतो आणि उंचीवरच आपण भुलतो. सहा बाय आठ इंची पिशवीत पाच फूट उंच उभा असलेला कडुनिंब म्हणजे मुळांना जागा न मिळता वाढलेलं रोप. त्यापेक्षा आठ बाय बाराच्या पिशवीतलं दोन-अडीच फुटी, जाड बुंध्याचं रोप घ्या. ते स्वस्त मिळतं आणि बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षी उंच रोपाला गाठून पुढे जातं. कडुनिंब, बहावा, चिंच यांचं सोटमूळ जोरदार असतं, ते तळाला लवकर आपटतं. म्हणून या जाती लहान वयाच्याच आणाव्यात.

रोप निवडलं की बांबू सोडायला सांगा. खोड स्वतःच्या बळावर उभं राहतं का बघा. खाली जाड आणि वर निमुळतं होत जाणारं खोड हवं. खालच्या बारीक फांद्या छाटून टाकलेलं रोप बघायला नीटस दिसतं, पण त्या फांद्याच खोड जाड करतात. मग बोटाने वरची माती बाजूला करा आणि पहिलं मूळ कुठे आहे ते शोधा. चार बोटांपेक्षा खाली असेल तर ते रोप ठेवून द्या.

पिशवी उचलून तळ बघा. तळाच्या भोकांतून पेन्सिलीएवढी जाड मुळं जमिनीत गेलेली असतील तर ते रोप वर्षानुवर्षं तिथे पडून आहे. उचलताना ती मुळं तुटणार आणि तुमच्या घरी येईपर्यंत पानं मान टाकणार. उलट, खोड धरून हलकेच वर ओढल्यावर मातीचा गोळा सोडून खोडच वर येत असेल तर रोप नुकतंच मोठ्या पिशवीत भरलं आहे. तुम्ही मोठ्या पिशवीचे पैसे देताय आणि आत मुळं छोट्या पिशवीची आहेत. पिशवी शेवटची कधी बदलली, हे विचारा. चांगला नर्सरीवाला सांगतो.

वीस-पंचवीसच्या वर रोपं घेत असाल तर एका रोपाचे पैसे वेगळे द्या आणि त्याची पिशवी तिथेच कापून, गोळा बादलीत धुऊन पाहा. बाहेरच्या कडेला पांढरी, बारीक टोकांची मुळं चहूकडे दिसली तर पूर्ण लॉट घ्या. जाळीसारखा तपकिरी वेढा दिसला तर तो लॉट सोडा, कितीही स्वस्त असला तरी. सोसायटीच्या खरेदीत हे आधी बोलून, पावतीवर लिहून घ्या: गोल फिरलेली मुळं आणि गाडलेला बुंधा असलेली रोपं परत.

ट्रकमधून नुकतीच उतरलेली रोपं त्याच आठवड्यात उन्हात लावू नका. दमट हवेत, हिरव्या जाळीखाली वाढलेली पानं आपल्या उन्हात करपतात. दोन-तीन आठवडे झाडाच्या विरळ सावलीत ठेवा आणि हळूहळू उन्हाकडे सरकवा.

लागवड पावसावरच सोडणार असाल तर जूनच्या पहिल्या सरीला भुलू नका. आपल्याकडे जुलैत मोठे खंड पडतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात लावलेल्या रोपाला पुढचा परतीचा पाऊसही मिळतो आणि मुळं पसरायला थंडीचे महिनेही. पाण्याची सोय पक्की असेल तर जूनअखेरीस लावायला हरकत नाही.

आणि मोकळी जागा असेल, दोन वर्षं वाट पाहायची तयारी असेल, तर कडुनिंबासाठी पिशवीच नको. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन टाका आणि आठवड्याच्या आत एका जागी चार-पाच पेरा. निंबोळीची उगवण शक्ती लवकर जाते, पुढच्या वर्षासाठी ठेवून उपयोग नाही. उगवलेल्यांतलं सगळ्यात जोमदार एक ठेवा, बाकीची जमिनीलगत कापा, आणि शेळ्यांपासून वाचवायला भोवती बाभळीचे काटे लावा.